पलटणीच्या दप्तरांतील मूळ गांव

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति काढण्याचें कुलमंडळानें ठरविलें आणि घरोघर छापील तक्ते जाऊं लागले, ही गोष्ट गेल्या वर्षींची. असले तक्ते आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं केव्हांना केव्हां येऊन गेलेच असतील. पुरुषाचें नांव, जन्म, विद्या, व्यवसाय हे रकाने संपले म्हणजे पत्नीचें माहेर विचारलेलें असतें: पित्याचें नांव, कुळ आणि मूळ गांव. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव गेलीं वीस वर्षें अमेरिकेंत ओहायो संस्थानांत नोकरीनिमित्त राहतात, आणि त्यांची पत्नी तिकडचीच आहे. तिच्या माहेरच्या मंडळींचीं नांवें छापण्याचें कारण नाहीं. आडनांवाचा अर्थ मराठींत ‘सुतार’ असा होतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

तिनें तक्ता मोठ्या हौसेनें भरला आणि ‘मूळ गांव’ या रकान्यांत ‘जर्मनी’ असें लिहून पाठविलें. मंडळाच्या चिटणिसांनीं तो परत केला. ‘जर्मनी हें गांव नव्हे’ एवढाच शेरा. यांत त्यांचें चुकलें असें आम्हांस वाटत नाहीं. उद्यां कोणी मूळ गांव म्हणून ‘कोंकण’ असें लिहिलें तर चिटणीस तोही तक्ता परत करतील. परंतु मंडळांतील एका वृद्ध सभासदांनीं सुचविलें कीं, तो रकाना कोराच ठेवावा. परदेशस्थांच्या कुळाशीं आपणांस काय कर्तव्य आहे? ही सूचना सूनबाईंच्या कानांवर गेली. तिनें आम्हांस पत्र लिहिलें. पत्र इंग्रजींत, पण ‘ती. काका’ हा मायना मात्र देवनागरींत, स्वतःच्या हातचा. खापरपणज्याचें गांव मी शोधून काढलें तर मंडळ तें छापील काय, असा तिचा प्रश्न होता. आम्हीं उलट टपालीं कळविलें कीं, छापील. न छापल्यास आमचेंही पान आम्ही काढून घेऊं. हें उत्तर रागाच्या भरांत गेलें, हें कबूल केलें पाहिजे. पुढें आठ महिने तिनें जो शोध केला त्याची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

प्रथम अडचण काय होती ती समजून घेऊं. आज आपण ज्यास जर्मनी म्हणतों तें एकछत्री राज्य १८७१ सालीं झालें. त्यापूर्वीं तेथें प्रशिया, बव्हेरिया, वुर्टेंबर्ग, साक्सनी, बाडेन, हेसे अशीं कित्येक लहानमोठीं संस्थानें होतीं. प्रत्येकाचा अधिपति निराळा, पलटण निराळी आणि दप्तरही निराळें. जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी गांवोगांवचे पाद्री आपापल्या देवळाच्या वहींत ठेवीत. सर्व देशभर सरकारी जन्मनोंद सुरू झाली ती १८७६ पासून. तेव्हां गांवाचें नांव ठाऊक नसेल तर शोधणारा दाराबाहेरच उभा राहतो. त्र्यंबकेश्वरीं किंवा काशीस गेलेला यात्रेकरू आपलें गांव व आडनांव सांगतो तेव्हांच तीर्थोपाध्याय बरोबर ती वही काढतात. गांवच न सांगणाऱ्यास कोणती वही दाखवावी?

अमेरिकेच्या बाजूनें पाहिलें तरी वाट सोपी नाहीं. तेथें उतरणाऱ्या उतारूंच्या याद्या १८२० पासून ठेवलेल्या आहेत, पण त्यांत बहुधा देशाचें नांव असतें, गांवाचें नसतें. हाम्बुर्ग बंदरांतून निघणाऱ्यांच्या १८५० पासूनच्या याद्या उरल्या आहेत आणि त्यांत माणसाचें राहण्याचें ठिकाण दिलेलें असतें. परंतु सूनबाईंचे पूर्वज ब्रेमेनहून निघाले असें घरांत सांगत, आणि ब्रेमेनच्या जुन्या याद्या तेथील अधिकाऱ्यांनीं जागेच्या अडचणीमुळें स्वतःच्या हातानेंच नष्ट केल्या. पुढच्यांपैकीं बऱ्याच दुसऱ्या महायुद्धांत गेल्या. नागरिकत्वाचा कागद मिळाला, तर त्यांत ‘वुर्टेंबर्गच्या राजाची निष्ठा सोडली’ एवढेंच. संस्थान कळलें, गांव नाहीं. १९०६ पूर्वींच्या या जातीच्या कागदांत यापेक्षां अधिक सहसा सांपडतही नाहीं.

मग गरीब माणसाच्या गांवाचें नांव कोण लिहून ठेवतो? श्रीमंताचें त्याचे वकील लिहितात. गरिबाचें, असें आम्हांस आतां वाटूं लागलें आहे, पलटणीचे कारकून लिहितात. आणि तेंही त्याच्यावरील प्रेमानें नव्हे, तर त्याला पगार द्यावयाचा असतो किंवा तो पळाल्यास धरून आणावयाचा असतो म्हणून.

जर्मन शिपाई आणि अमेरिका यांचा संबंध जुना आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत इंग्रज सरकारनें जर्मन संस्थानिकांकडून सुमारें ३० हजार शिपाई भाड्यानें घेतले. त्यांत हेसे-कासेलचे सर्वांत अधिक, म्हणून सगळ्यांनाच ‘हेसियन’ म्हणूं लागले. २६ डिसेंबर १७७६ रोजीं ट्रेंटन येथें वॉशिंग्टननें यांतील सुमारें ९०० जण कैद केले, हें इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. युद्ध संपल्यावर कांहीं हजार शिपाई परत न जातां तेथेंच राहिले. हेसे-कासेलच्या पलटणींचे कागद मारबुर्गच्या सरकारी दप्तरखान्यांत टिकून राहिले, आणि तेथील दप्तरविद्येच्या शाळेनें १९७२ पासून त्यांची नांववार सूची प्रसिद्ध केली. तींत शिपायाचें नांव, वय, गांव, हुद्दा आणि शेवटीं त्याचें काय झालें तें दिलेलें आहे. ज्याच्या नांवापुढें ‘पळून गेला’ असा शेरा आहे, त्याचेच वंशज आज अमेरिकेंत सांपडण्याचा संभव अधिक! हें सगळें आपल्यापासून फार दूरचें आहे असें कोणी समजूं नये. इंग्लंडचा राजाच हॅनोवरचाही अधिपति असल्यामुळें तिकडील दोन पलटणी १७८२ च्या सुमारास मद्रासेस येऊन कंपनीच्या बाजूनें लढल्या. आणि २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या कवायती पायदळाचा मुख्य जो पोलमन, तो हॅनोवरकडचाच गृहस्थ. असो, तो विषय निराळा.

आमच्या सूनबाईंचे पूर्वज या भाडोत्री शिपायांपैकीं नव्हते. ते १८५० नंतरच्या दशकांत आले. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण संस्थानांत जें यादवी युद्ध झालें, त्यांत उत्तरेच्या सैन्यांत सुमारें दोन लक्ष शिपाई जर्मनींत जन्मलेले होते. कार्ल शुर्त्स, फ्रान्त्स सिगेल यांच्यासारखे १८४८ च्या क्रान्तीनंतर परागंदा झालेले लोक त्यांत सेनापतिपदाला चढले. कांहीं पलटणी तर संपूर्ण जर्मन होत्या. सिनसिनाटी शहरांत उभारलेली ओहायोची ९ वी पायदळ पलटण ही त्यांतलीच. अशा पलटणींत कारकूनही जर्मन असत, म्हणून नांवें बरीचशीं शुद्ध लिहिलेलीं आढळतात. मिश्र पलटणींत मात्र कारकुनाच्या कानाला जें लागेल तें कागदावर उतरे.

या युद्धांतील शिपायाचे कागद दोन प्रकारचे आहेत, आणि त्यांतील भेद लक्षांत ठेवण्यासारखा आहे. पहिला सेवेचा. दर दोन महिन्यांनीं पलटणीची हजेरी होई. कोण हजर, कोण इस्पितळांत, कोणास किती पगार देणें राहिलें, हें त्यांत लिहीत. तीं मूळ हजेरीपत्रकें हाताळून फाटूं लागलीं तेव्हां १८९० च्या सुमारास एन्सवर्थ नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें प्रत्येक शिपायाच्या नांवें स्वतंत्र पत्त्यांवर त्यांचे उतारे करवून घेतले. हे पत्ते आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. पलटणीची आणखी एक वर्णनाची वही असे. तींत शिपायाचें वय, उंची, वर्ण, डोळे, केस, धंदा आणि जन्मस्थान लिहिलेलें सांपडतें. दुसरा प्रकार पेन्शनच्या कागदांचा; त्याविषयीं पुढें येईलच.

आतां नांवाची गंमत पाहा. जर्मन कोख अमेरिकेंत गेला कीं त्याचा कुक होतो, श्मिट् हा स्मिथ होतो, श्नायडर हा टेलर, आणि त्सिमरमान हा कार्पेंटर. कधीं अर्थाचें भाषान्तर होतें, कधीं नुसत्या ध्वनीचा अपभ्रंश. या युद्धांतील शिपायांच्या ६३ लक्ष नांवांची सूची आतां संगणकावर कोणासही पाहतां येते. सूनबाईंनीं तींत प्रथम आजचें आडनांव पाहिलें, व्यर्थ. मग जर्मन नांव पाहिलें, तेंही व्यर्थ. अखेर तिनें अशुद्ध लेखनाचे जेवढे प्रकार सुचले तेवढे सगळे पाहिले, आणि सातव्या कीं आठव्या प्रकाराला ‘सिमरमन’ असा एक शिपाई मिळाला. पस्तीस वर्षें ऱ्हस्वदीर्घासाठीं मुलांचे कान पिळलेल्या आम्हांस त्या कारकुनाचा राग यावयास हवा होता. पण त्याचें अशुद्ध लेखन दीडशें वर्षें टिकलें आणि आमच्या शुद्धलेखनाच्या वह्या रद्दींत गेल्या, त्यापुढें काय बोलावें? वर्णनाच्या वहींत त्याचें वय २३, उंची साडेपांच फुटांवर एक बोट, डोळे करडे, धंदा शिंपी. नांवाचा सुतार आणि धंद्यानें शिंपी! जन्मस्थान: जर्मनी. म्हणजे चिटणिसांनीं परत केलेला तोच शब्द १८६२ सालींही कारकुनानें लिहून ठेवला होता.

येथें त्यांच्या घरांतील एक दंतकथा सांगणें अवश्य आहे. खापरपणज्याचे वडील कैसरच्या सैन्यांत मोठे अंमलदार होते आणि लढाईंत पडले, असें सूनबाईंच्या माहेरीं चार पिढ्या सांगत आले होते. घरांत खापरपणज्याचें म्हातारपणाचें एक छायाचित्र आहे. त्यांत कोटावर ताऱ्याच्या आकाराचें एक पदक आहे. तें पदक वडिलांचें, कैसरनें दिलेलें, असा सर्वांचा समज. तिनें तें छायाचित्र एका जाणत्या गृहस्थांस दाखविलें, तेव्हां त्यांनीं क्षणांत सांगितलें कीं, हें जर्मनीचें नव्हेच. यादवी युद्धांतून परतलेल्या उत्तरेकडील शिपायांनीं १८६६ सालीं एक मोठी संघटना स्थापिली होती, तिच्या सभासदांचें हें चिन्ह. असलीं पदकें तेथें हजारोंनीं होतीं. आणि कैसर म्हणाल तर हा मुलगा जन्मला तेव्हां जर्मनींत कैसर होताच कोठें? दंतकथेचा एक खांब असा निखळला. आमच्याकडेही पेशवाईंत सरदार नसलेला पूर्वज कोणाचा आहे?

यानंतर तिनें वॉशिंग्टनहून पेन्शनच्या कागदांच्या नकला मागविल्या, आणि खरी हकीकत येथून पुढें आहे.

सेवेच्या पत्त्यांत शिपाई मुका असतो. पेन्शनच्या कागदांत तो बोलतो. १८६२ च्या कायद्यानें साध्या शिपायास पूर्ण पंगुत्वाबद्दल, किंवा तो मेल्यास त्याच्या विधवेस, महिना ८ डॉलर मिळत; पण पंगुत्व किंवा मृत्यु नोकरींतूनच उद्भवला असें दाखवावें लागे. १८९० च्या कायद्यानें ती अट गेली आणि म्हाताऱ्या शिपायांची रीघ लागली. प्रत्येकास पुरावा द्यावा लागे: डॉक्टरांची तपासणी, शेजाऱ्यांच्या जबान्या, पलटणींतल्या सोबत्यांचीं प्रतिज्ञापत्रें. कित्येक विधवांनीं विवाहाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलांतील नोंदींचें पान फाडून पाठविलें आणि तें आजतागायत त्या कागदांत आहे. १८९८ सालीं पेन्शन खात्यानें शिपायांकडे छापील प्रश्न पाठविले: पत्नीचें माहेरचें नांव काय, विवाह केव्हां, कोठें, कोणीं लावला, पूर्वीं विवाह झाला होता काय, मुलें किती, त्यांच्या जन्मतिथि कोणत्या. आमच्या कुलमंडळाचा तक्ताच म्हणाना! आमच्या या शिपायानें सर्व उत्तरें व्यवस्थित दिलीं आहेत. त्यांतून कळलें कीं, त्याला जुनाट अतिसार व संधिवात होता, सहा मुलांपैकीं दोन लहानपणींच गेलीं, आणि दुकानाच्या पाटीवर त्यानें ‘कार्पेंटर’ हें नांव १८७० च्या सुमारास घेतलें. शौर्याची हकीकत एकही नाहीं. त्या युद्धांत गोळीपेक्षां रोगानेंच अधिक माणसें मेलीं, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस याचें आश्चर्य वाटणार नाहीं.

पुढें ६ फेब्रुवारी १९०७ रोजीं नवा कायदा झाला. त्यानें पेन्शन केवळ वयावर ठरविलें: ६२ वर्षांस महिना १२ डॉलर, ७० स १५, आणि ७५ स २०. आमच्या शिपायानें लिहिलें, मी नुकताच ७० वर्षांचा झालों, मला १५ द्या. खात्यानें वही उघडून पाहिली. १८६२ सालीं वय २३. म्हणजे आतां ६८. बारा मिळतील. वय त्या वेळीं कारकुनानें चुकविलें कीं त्यानेंच कमी सांगितलें, हें आतां कळण्यास मार्ग नाहीं. पण म्हातारा हट्टी दिसतो. पन्नास वर्षांपूर्वीं सोडलेल्या गांवच्या पाद्र्याला त्यानें पत्र लिहिलें आणि बाप्तिस्म्याचा दाखला मागविला. दाखला आला, त्यावर देवळाचा शिक्का, आणि जन्म १८३७ च्या फेब्रुवारींतला. खात्यानें मान्य केलें.

महिना तीन डॉलर अधिक मिळावे म्हणून त्यानें तो कागद मागविला, आणि त्या कागदावर गांवाचें नांव आहे. वुर्टेंबर्गमधील एक लहानसें खेडें. शंभर वर्षांहून अधिक काळ तें नांव वॉशिंग्टनच्या एका पाकिटांत पडून होतें आणि घरांत कोणास त्याची दाद नव्हती.

सूनबाईंनीं ज्या दिवशीं ही नक्कल आम्हांकडे पाठविली त्या दिवशीं आम्हीं घरांत सर्वांस पेढे वाटले. रात्रीं पुतण्यानें केलेलें भाषान्तर सावकाश वाचूं लागलों, तेव्हां लक्षांत आलें कीं, त्या दाखल्यांत आईचें नांव आहे, तिच्या बापाचें नांव आहे, तो सुतारकाम करी असेंही आहे. मुलाच्या बापाच्या जागीं मात्र एक आडवी रेघ आहे. आई अविवाहित होती. ‘सुतार’ हें आडनांव बापाकडचें नसून आईकडचें.

याचा अर्थ लावतांना त्या देशाची त्या वेळची रीत ठाऊक पाहिजे. वुर्टेंबर्ग, बव्हेरिया वगैरे संस्थानांत त्या काळीं गरिबांच्या विवाहावर कायद्यानें बंधनें होतीं. कुटुंब पोसण्याइतकी मिळकत आहे असें गांवच्या मंडळीस पटवावें लागे. न पटल्यास परवानगी नाहीं. शिपायास तर वरिष्ठांचीही परवानगी लागे. या बंधनांमुळें विवाह कमी झाले, मुलें कमी झालीं नाहींत. आणि अशा मुलांपैकीं पुष्कळ पुढें अमेरिकेच्या जहाजावर चढलीं. तेव्हां त्या रेघेंत त्या बिचारीच्या शीलापेक्षां तेथील कायद्याचाच दोष आम्हांस अधिक दिसतो.

पण हें शहाणपण आम्हांस मागाहून सुचलें. त्या रात्रीं आम्हीं सूनबाईंस जें पत्र लिहिलें त्यांत, गांवाचें नांव तेवढें मंडळास कळवावें, बाकीचें आपणांपुरतें ठेवावें, असा पोक्त उपदेश होता. कुळाच्या पुस्तकांत असल्या गोष्टी लिहीत नाहींत, असेंही आम्हीं लिहिलें. घरांतून त्या वेळीं विचारणा झाली होती कीं, तुमच्या छापील कुलवृत्तान्तांत ज्या बायकांचीं नुसतीं सासरचीं नांवें आहेत, त्या सगळ्यांच्या गोष्टी तुम्हांला ठाऊक आहेत का? आम्हीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

सूनबाईंचें उत्तर चार ओळींचें आलें. पुतण्यानें तें मराठींत दिलें आहे तसेंच येथें उतरतों: ‘काका, त्यानें मुलांना अंमलदाराची गोष्ट सांगितली. पण सरकारनें विचारलें तेव्हां त्यानें हा कागद स्वतःच्या हातानें पाकिटांत घालून पाठविला. माझ्यापाशीं त्याच्या हातची हीच एक खरी वस्तु आहे. ती मी लपवूं काय?’

आम्ही संस्कृत शिकलों आणि शिकविलें. छान्दोग्यांतील सत्यकामाची कथा किती वर्गांस सांगितली असेल याची गणती नाहीं. गोत्र विचारल्यावर त्या मुलानें आईचें उत्तर जसेंच्या तसें गुरूपुढें ठेवलें, आणि आईच्याच नांवानें तो जाबाल म्हणून ओळखला गेला, येथपर्यंत आलों म्हणजे वर्ग शान्त होत असे. ती कथा ज्याला तोंडपाठ, त्यानें आपल्या घरच्या मुलीला रेघ लपविण्याचा सल्ला द्यावा! आम्हीं दुसऱ्या दिवशीं क्षमेचें पत्र पाठविलें. वडील माणसानें सुनेची क्षमा मागावी कीं नाहीं यावर आमच्या ओसरीवर दोन तट पडले. तो वाद अजून मिटलेला नाहीं.

गांव कळल्यावर जर्मनीकडचें दार उघडलें. वुर्टेंबर्गची एक विशेष सोय अशी कीं, तेथें १८०८ पासून प्रत्येक गांवच्या देवळांत कुटुंबवार वही ठेवीत: एका कुटुंबास एक पान, त्यांत आईबाप, मुलें, त्यांचे जन्म, विवाह, मृत्यु. ही वही जुन्या वळणाच्या जर्मन लिपींत असते. तें वळण १९४१ सालीं तेथील शाळांतून काढून टाकण्यांत आलें, म्हणून आजच्या जर्मन मुलांस आपल्या पणज्याचें पत्र वाचतां येत नाहीं. मोडीचें आमच्याकडे जें झालें तेंच. सूनबाईंनीं पैसे देऊन वाचणारा शोधला. त्या पानावर आजोबा सुतार, त्याची मुलगी, आणि तिच्याखालीं हा मुलगा. त्याच्या नांवापुढें ‘अमेरिकेस’ इतकाच शेरा. पण जन्माच्या मूळ नोंदींत पाद्र्यानें एक ओळ अधिक लिहिली होती, ती दाखल्यांत उतरली नव्हती. आईच्या सांगण्याप्रमाणें बाप राजाच्या पायदळांतील एक शिपाई होता.

अंमलदार नव्हे, शिपाई. आणि लढाईंत पडला म्हणावें तर १८३७ सालीं वुर्टेंबर्गची कोणाशीं लढाईही चालू नव्हती. तरी दंतकथा अगदींच निराधार नव्हती. आईनें मुलाला ‘तुझा बाप पलटणींत होता’ असें कधीं तरी सांगितलें असलें पाहिजे. त्या शिपायाचें नांवही वहींत आहे. परंतु तें नांव तिकडे इतकें सामान्य कीं, स्टुटगार्टच्या दप्तरखान्यांतील त्या काळच्या पलटणींच्या वह्यांत त्याच नांवाचे पांच शिपाई निघाले. पांचांतला कोणता, हें तिनें ठरविलें नाहीं. एका संशोधकानें पैसे घेऊन ठरवून देण्याची तयारी दाखविली होती, ती तिनें नाकारली. यांत तिचें आम्हांस कौतुक वाटतें. वंशावळींत मोकळी जागा सोसत नाहीं म्हणून किती घरीं किती अनोळखी माणसें पूर्वज म्हणून बसविलीं गेलीं असतील!

हा शोध एवढा तरी लागला तो तो माणूस वुर्टेंबर्गचा म्हणून. प्रशियाचा असता तर येथेंच थांबावें लागलें असतें. प्रशियाच्या सैन्याचें दप्तर पोट्सडॅम येथें होतें, आणि १४ एप्रिल १९४५ च्या रात्रीं त्या शहरावर झालेल्या बाँबवर्षावांत त्याचा बहुतेक भाग जळाला. वुर्टेंबर्गचें स्टुटगार्टला, बव्हेरियाचें म्युनिकला, बाडेनचें कार्ल्सरूहला, साक्सनीचें ड्रेस्डेनला, असें वेगवेगळ्या गांवीं असल्यामुळेंच बरेंच वांचलें. अमेरिकेंतही हें अग्निपुराण आहेच. स्वातंत्र्ययुद्धाचे लष्करी कागद युद्धखात्याच्या कचेरींत ८ नोव्हेंबर १८०० रोजीं लागलेल्या आगींत गेले. १८९० ची खानेसुमारी १९२१ च्या आगींत गेली. आणि सेंट लुई येथें १२ जुलै १९७३ रोजीं लागलेल्या आगींत विसाव्या शतकांतील शिपायांच्या १ कोट ६० लक्षांहून अधिक फायली जळाल्या. १९१२ ते १९५९ च्या दरम्यान पायउतार झालेल्या भूसेनेच्या शिपायांचे दर शंभरांत ऐशी कागद त्यांत नाहींसे झाले. अशा वेळीं पहिल्या महायुद्धांतील लष्करी नांवनोंदणीचे पत्ते उपयोगीं पडतात. १९१७-१८ सालीं सुमारें २ कोट ४० लक्ष पुरुषांनीं ते भरले. लढाईस न गेलेलेही त्यांत आले. ५ जून १९१७ च्या पत्त्यावर जन्मगांव विचारलेलें आहे, १२ सप्टेंबर १९१८ च्या पत्त्यावर तें नाहीं. सूनबाईंच्या पणज्याचा पत्ता नेमका दुसऱ्या प्रकारचा निघाला.

पलटणींत न गेलेल्याचीही नोंद पलटणीच्याच दप्तरांत असते, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटली. मुलगा विशिष्ट वयाचा झाला कीं त्याचें नांव भरतीच्या यादींत येई. हजर नसल्यास ‘अमेरिकेंत’ असा शेरा पडे. परवानगीवांचून गेलेल्यास परत येणें कठिण जाई. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांचे आजोबा बव्हेरियाच्या राज्यांतील काल्श्टाट गांवचे. ते १८८५ मध्यें सोळाव्या वर्षीं अमेरिकेस गेले, पैसा मिळवून परत आले, तेव्हां लष्करी नोकरी चुकविल्याबद्दल त्यांस पुन्हां नागरिक करून घेण्याचें नाकारून १९०५ सालीं देश सोडावयास लावलें. आमच्या शिंप्याचेंही नांव त्याच्या तालुक्याच्या भरतीच्या यादींत आहे, पुढें तोच शेरा आहे. राजाची पलटण त्यानें चुकविली आणि पांच वर्षांच्या आंत परक्या देशाच्या पलटणींत नांव घातलें. तत्त्वासाठीं कीं भरतीच्या बक्षिसासाठीं, तें कागद सांगत नाहीं. सूनबाई म्हणते तत्त्वासाठीं; पुतण्या म्हणतो बक्षिसासाठीं.

सर्व कागद मराठी सारांशासह आम्हीं कुलमंडळाकडे पाठविले. सभेंत दोन तास चर्चा झाली. ज्या वृद्ध सभासदांनीं रकाना कोरा ठेवण्याची सूचना केली होती त्यांनीं सगळे कागद दोनदां वाचले, आणि शेवटीं एवढेंच विचारलें कीं, आपल्या पुस्तकांत असे आईच्या नांवाचे किती आधार आहेत? कोणासच सांगतां आलें नाहीं. मग ते म्हणाले, छापा.

चिटणिसांनीं पाठविलेला मजकूर असा: माहेरचें कुळ सुतार, मूळ गांव वुर्टेंबर्गमधील अमुक, मूळ पुरुष १८३७ मध्यें जन्मला, मातृनामानें प्रसिद्ध, ओहायोच्या पायदळांत शिपाई. रकान्यांत हें मावत नाहीं म्हणून खालीं बारीक टाइपांत दोन ओळी अधिक घेतल्या आहेत. पहिल्या प्रुफांत गांवाच्या नांवांत एक अक्षर चुकलें होतें. तें दुरुस्त करून आम्हीं कालच्या टपालानें परत पाठविलें आहे.